पीकेएम२ला उगाच शिव्या

गेल्या उन्हाळ्यात लॅबचा फ्रीझर रात्रभर बंद पडला आणि सकाळी माझ्या पोटात गोळाच आला. आत पीकेएम२ची नवी अँटीबॉडी होती, म्हणजे पीकेएम२लाच चिकटून ते शोधून देणारं प्रथिन. पीकेएम२ म्हणजे ग्लायकोलिसिसच्या (पेशीत साखर फोडण्याच्या प्रक्रियेच्या) शेवटच्या पायरीवर पायरुवेट बनवणारं एन्झाइम; कर्करोगाच्या पेशींत भरपूर सापडतं. जेमतेम १०० मायक्रोलिटरची कुपी, आणि तिच्यासाठी दीड महिना वाट बघितलेली!

पण ती ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये होती. त्यामुळे उणे २० अंशांनाही ती द्रवच राहते. गोठण्या-वितळण्याचा फटका बसायचा प्रश्नच नव्हता. हेला या कर्करोगाच्या पेशी फोडून काढलेल्या रसावर (लायसेटवर) अँटीबॉडी १:१००० पातळ करून ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून त्यांत पीकेएम२ शोधलं. ६० किलोडाल्टनच्या, म्हणजे पीकेएम२च्या वजनाच्या, आसपास पट्टा नेहमीसारखा ठसठशीत. हुश्श!

खरा घोळ नंतर मीच घातला. पातळ केलेली अँटीबॉडी आठवडाभर ४ अंशांना ठेवून पुन्हा वापरायची, म्हणून तिच्यात जंतूंची वाढ रोखणारं थोडं सोडियम अझाइड टाकलं. इथवर ठीक. मग हाताच्या सवयीने एचआरपी जोडलेल्या दुय्यम अँटीबॉडीतही टाकलं. ही दुय्यम पहिल्या अँटीबॉडीला चिकटते आणि तिच्यावरच्या एचआरपी या एन्झाइममुळेच पट्टा फिल्मवर उमटतो. अझाइड एचआरपीचंच काम बंद पाडतं, हे एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी घडाघडा सांगितलं होतं! फिल्म कोरी करकरीत. दोन दिवस मी बिचाऱ्या पीकेएम२च्या कुपीला शिव्या घालत होते.

आता दुय्यमच्या डब्यावर लाल मार्करने लिहिलंय: ‘अझाइड नको, बाई!’