हळदीच्या गावात चिनी काढा

वहिनींच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि घरी सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे पानफुटी चावून खा, कुणी म्हणे हुलग्याचं कढण प्या. अहो, हे सगळं मुतखड्यावरचं! तो बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा, हे खडे बहुतेक कोलेस्टेरॉलचे. लघवी वाढवून हे कसे पडतील?

पुतण्या मात्र पुढारलेला. त्याने थेट चिनी पावडर मागवली. "काका, हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही." पाकिटावर जिन चियान त्साओ, दा हुआंग, युजिन अशी यादी. दा हुआंग म्हणजे रेवंदचिनी, सरळसरळ जुलाबाचं औषध. आणि युजिन? हळदीच्या कुळातल्या झाडांच्या मुळांना ज्या गाठी धरतात, त्या! हळकुंडालाही ते औषध मानतात, जियांग हुआंग म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. मला हसावं की रडावं कळेना.

पण गंमत तिथे संपते. हळदीतल्या कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, निरोगी माणसांवर सोनोग्राफी करून हे पाहिलेलं आहे. पित्ताशय मोकळं असेल तर ठीक. आत खडे असताना ते आवळलं आणि एखादा नळीत जाऊन अडकला, तर कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. आमटीतल्या चिमूटभर हळदीला कोण नको म्हणतंय? कॅप्सूल आणि पावडरी वेगळ्या.

चिनी वैद्यकाला मी मोडीत काढत नाही. अस्वलाचं पित्त ते शेकडो वर्षं वापरत आलेत आणि त्यात भरपूर असलेलं अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड आज कारखान्यात बनून गोळीच्या रूपात मिळतं. खडे खरोखर विरघळवणारं औषध म्हणायचं तर हेच. तेही खडे लहान, कोलेस्टेरॉलचे, कॅल्शियम न धरलेले आणि पित्ताशय चालू असेल तरच. महिनोन्‌महिने घ्यायचं, आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून वहिनींना स्पष्ट सांगितलं, तुमच्या खड्यांना गोळी लागू नाही, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू. पित्त यकृतात तयार होतं, ते पुढेही आतड्यात उतरत राहतं. वहिनींनी एवढंच विचारलं, "तळलेलं कधीपासून चालेल?"

पुतण्या अजून हरलेला नाही. काल त्याने ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई शौचातून पडलेले हिरवे खडे दाखवतात. असले खडे एकदा प्रयोगशाळेत तपासले, तर त्यात कोलेस्टेरॉल नव्हतंच. तेल-लिंबाचा पोटात झालेला साबण होता तो.