पाणी किती हवं?

'सिव्हिलायझेशन सिक्स' हा शहरं वसवून साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम. तो सुरू करताना राजा निवडायला मला वेळ लागत नाही, नकाशा निवडायला लागतो. पँजिया नको, एवढं ठरलेलं असतं. एकच अखंड जमीन आणि तिच्यावर सगळ्यांचं घोडदळ, म्हणजे संध्याकाळी सात वाजताचा दादर स्टेशनचा पूल. पाणी हवंच. पण यादीत आर्किपेलागो आहे, आयलंड प्लेट्स आहे, स्मॉल कॉन्टिनेंट्स आहे, कॉन्टिनेंट्स अँड आयलंड्स आहे, आणि छोट्या चित्रांत ही सगळी निळ्यावर हिरवे ठिपके अशी सारखीच दिसतात.

नवखा माणूस नावावर भाळून आर्किपेलागो घेतो. पहिलं शहर झकास वसतं. दुसऱ्यासाठी सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारा, तयार होतो आणि किनाऱ्यावर जाऊन उभा राहतो. समोरचं बेट दिसतंय, मधे दोन षटकोन, म्हणजे नकाशावरची दोन घरं, उथळ पाणी. पण 'सेलिंग' ही विद्या शिकून झाली तरी पाण्यात उतरायची मुभा फक्त बिल्डरला, म्हणजे शेतं नि खाणी उभारणाऱ्या कामगाराला. व्यापाऱ्याला 'सेलेस्टियल नेव्हिगेशन' लागतं, आणि सेटलरला नि सैनिकाला 'शिपबिल्डिंग'. वर्सोव्याला मढची फेरीबोट बंद असताना जो धक्क्यावर उभा राहिलाय त्याला ही तडफड समजावून सांगायला नको. मढ समोर दिसत असतं, पलीकडच्या माणसाच्या शर्टाचा रंगही दिसतो, आणि रस्त्याने जायचं तर मालाड, मार्वे करत सगळा वळसा.

'शिपबिल्डिंग' आलं की मजा सुरू होईल असं वाटतं. होत नाही. मासे मुबलक म्हणून लोकसंख्या वाढत जाते, टेकड्या नाहीत म्हणून खाणी नाहीत, खाणी नाहीत म्हणून कुठलंही बांधकाम वेळेत पुरं होत नाही. माणसं भरपूर, जागा कमी आणि कामं रखडलेली. मुंबईत राहणाऱ्याने यासाठी वेगळे पैसे का मोजावेत? शिवाय कॉम्प्युटरला समुद्रावरची लढाई जमत नाही. युद्ध पुकारतो, दोन होड्या पाठवतो, त्या किनाऱ्यालगत घुटमळत बसतात. आर्किपेलागोवर मी हरत नाही, पण तिथलं जिंकणं दुपारच्या झोपेसारखं बिनचवीचं असतं.

त्या नकाशावर खरा खूश असतो तो पोर्तुगालचा राजा, झुआंव तिसरा. त्याचे परदेशी व्यापारमार्ग जुळतात ते किनाऱ्यावरच्या किंवा बंदर असलेल्या शहरांशीच, पण मिळकत दीडपट. आणि आर्किपेलागोवर किनारा नसलेलं शहर शोधूनही सापडत नाही! हा बुवा आपला जुना ओळखीचा आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगिजांच्या हवाली केली, तेव्हा लिस्बनच्या गादीवर हाच होता. त्यामुळे तो समोर आला की मी त्याच्याशी व्यापार ठेवतो, मैत्री ठेवत नाही.

माझं मत पडतं ते आयलंड प्लेट्सच्या पारड्यात. इथली बेटं तीन-चार शहरं मावतील एवढी असतात. म्हणजे राखायला घर असतं, आतल्या बाजूला डोंगर नि जंगल असतं, आणि तरी समुद्राकडे पाठ करून बसता येत नाही. पण मला या नकाशाचं वेड लागलं ते मोठ्या बेटांमुळे नव्हे. त्यांच्या अधेमधे विखुरलेल्या, कुणालाच नको असलेल्या खडकांमुळे. एका षटकोनाचा तुकडा, ना टेकडी, ना नदी. नवखा खेळाडू त्याच्याकडे बघतही नाही. ज्याने थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी पाहिलीय तो बघतो.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला त्या खडकावर किल्ला बांधायला पाठवलं. बेट म्हणावं तर केवढंसं, पण मुंबई बंदराच्या तोंडाशी. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला. जहाजं मोठी, तोफा मोठ्या, आणि मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वल्ही मारत रात्री त्यांच्या मधून रसद पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. मग सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि दोन खडकांवरून एकमेकांवर तोफा सुरू झाल्या. आयलंड प्लेट्सवरचा चांगला डाव असाच असतो. मोठ्या बेटांवर सगळे सभ्यपणे धान्य पिकवत असतात आणि खरी जुंपते ती खडकांवर.

एक अडचण मात्र आहे. २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या पुरवणीपासून खेळात शहरांची निष्ठा आली. नऊ षटकोनांच्या आत परक्याची दाट वस्ती असेल तर आपलं चिमुकलं शहर हळूहळू त्याच्याकडे झुकतं आणि एक दिवस फुटतं. म्हणजे खेळातली खांदेरी तोफेने पडत नाही, शेजाऱ्याच्या भरल्या बाजारपेठेकडे बघून फितूर होते. तिथे ताबडतोब गव्हर्नर नेमायचा. त्याचे निष्ठेचे आठ गुण मिळतात आणि तेवढ्यावर खडक बहुतेक वेळा टिकतो.

अजून एक खोड जात नाही. दोन बेटांमधे एकच षटकोन पाणी दिसलं की हात शिवशिवतो: टाका भराव! आमच्या शहराचा सगळा इतिहासच तो. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास वरळीची खिंड बुजवली, १८४५ ला माहीमचा कॉजवे झाला, आणि सात बेटं कुठे सुरू होतात नि कुठे संपतात ते आता टॅक्सीवाल्यालाही सांगता यायचं नाही. खेळ याबाबतीत कंजूष आहे. समुद्र हटवून पोल्डर करायची मुभा फक्त डचांना, तीही शेतीपुरती. त्यावर शहर वसत नाही. नाही म्हणायला 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुढच्या पुरवणीत गोल्डन गेट ब्रिज आहे, त्यावरून पायदळ पाण्यापलीकडे जातं. पण ते जागतिक आश्चर्य. साऱ्या जगात एकच सी लिंक, आणि ज्याने आधी बांधली त्याची.

त्याच 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये समुद्र वर येतो. किनाऱ्यालगतच्या सखल षटकोनांवर एक, दोन, तीन मीटर अशा खुणा असतात. सगळ्यांनी मिळून कोळसा नि तेल जाळलं की ते क्रमाने पाण्याखाली जातात. अडवायला भिंती बांधता येतात, पण जितका उशीर तितका खर्च जास्त. आर्किपेलागोवर त्या बांधता बांधता तिजोरी रिकामी होते. आयलंड प्लेट्सवर निदान एखादं शहर आत, उंचावर असतं.

स्मॉल कॉन्टिनेंट्स चांगलाच आहे, नव्याने शिकणाऱ्याला मी तोच सांगतो. सेव्हन सीजमध्ये समुद्र जमिनीने वेढलेले, त्यामुळे बेटावर असल्यासारखं वाटत नाही.

भाचा ठाण्याला राहतो, ऑनलाइन आम्ही एकत्र खेळतो, आणि त्याचा जीव पँजियावर. "मामा, तुझ्या बोटी निघेपर्यंत मला झोप लागते." गेल्या वेळी तडजोड म्हणून कॉन्टिनेंट्स अँड आयलंड्स लावला. त्याने खंडावर घोडदळाची रांगच्या रांग उभी केली, आणि मी समोरच्या दोन खडकांवर शहरं टाकून त्याच्या बंदराचं तोंड अडवलं. तेव्हापासून त्याची एकच अट आहे: पुढच्या डावात पाणी कमी. मी मान्य केलंय. समुद्रपातळी 'लो' ठेवू, नकाशा आयलंड प्लेट्सच.