मॅसिलनचा मास्तर आणि आमचे सर

जानेवारीत पंधरा दिवसांसाठी कोल्हापूरला गेलो होतो. पहिल्याच दुपारी शाहू स्टेडियम गाठलं. पेठेतल्या दोन संघांची मॅच होती, गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सर त्यांच्या नेहमीच्या पायरीवर होते. गळ्यात मफलर, मांडीवर वही. शाळेत आम्हाला त्यांनी फुटबॉल शिकवला. आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी कोणत्या पोराचा डावा पाय चालत नाही हे त्या वहीत अजून लिहितात.

"कवा आलास?" म्हणाले, आणि मी बसायच्या आत पुढचा प्रश्न, "तिकडं फुटबॉल हाय का रं?"

आहे, पण आपला नाही. अमेरिकेतल्या ओहायोत मी राहतो तिथून जवळच मॅसिलन नावाचं गाव आहे. आपल्या जयसिंगपूरपेक्षाही लहान. तिथला फुटबॉल हातात धरून पळायचा, चेंडू लांबट, अंगावर चिलखतासारखे पॅड. शुक्रवारी रात्री शाळेची मॅच असली की अख्खं गाव नारिंगी-काळे कपडे घालून मैदानावर. शाळेच्या पोरांसाठी सोळा हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं स्टेडियम, १९३९ साली बांधलेलं. गावात मुलगा जन्मला की दवाखान्यातच त्याच्या पाळण्यात छोटासा फुटबॉल ठेवायची पद्धत कित्येक दशकं चालली. हे ऐकून सर हसले. आपल्याकडे पोरगं चालायला लागायच्या आधी कुठल्या तालमीचं हे ठरलेलं असतं, त्यांना त्यात नवल काय वाटणार!

त्या स्टेडियमला पॉल ब्राऊन यांचं नाव आहे. १९०८ चा जन्म, बाप रेल्वेत नोकरीला, पोरगा अंगानं किरकोळ. मॅसिलनच्याच वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये खेळला आणि १९३२ साली, चोविशीत, त्याच शाळेचा कोच म्हणून परत आला. संघाची अवस्था वाईट होती. पहिल्या वर्षी त्यालाही फार काही जमलं नाही. पण नऊ वर्षांचा हिशेब बघा: ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी. शेवटच्या १९४० च्या हंगामात त्याच्या पोरांनी ४७७ गुण केले आणि समोरच्या सगळ्यांना मिळून ६ करू दिले.

"कसं केलं त्यानं?" सरांनी वही मिटली. मॅच चालू असताना सरांनी वही मिटलेली मी कधी पाहिली नव्हती.

ब्राऊन मास्तर होता, हेच त्याचं उत्तर. प्रत्येक खेळाडूला वही. प्रत्येक डाव स्वतःच्या हातानं वहीत उतरवायचा, आकृतीसकट. वह्या तपासल्या जायच्या, परीक्षा व्हायची. हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं हा त्याचा विश्वास. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट पुढची: धाकट्या वर्गांच्या शाळांतही त्यानं तेच डाव, तेच शब्द शिकवायला लावले. पोरगं हायस्कूलला येईपर्यंत त्याला अर्धं सगळं पाठ.

मला आमच्या शाळेचा व्हरांडा आठवला. पावसाळ्यात मैदान चिखलात बुडालं की सर विटेच्या तुकड्यानं फरशीवर मैदान आखायचे आणि आम्हाला चिंचोके मांडायला लावायचे. चिंचोका चुकीच्या जागी ठेवला की डाव पहिल्यापासून. जिंकलो की गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजायचे, स्वतःच्या खिशातून. शाळेनं त्याबद्दल त्यांना कधी काही दिलं नाही. याची बोच मला आजही आहे.

"त्याच्या पोरांचं पुढं काय झालं?" सरांनी विचारलं. कोचच असा प्रश्न विचारतो.

मी त्यांना समोरच्या संघातल्या एका पोराचं सांगितलं. मॅसिलनचं हाडवैर शेजारच्या कँटनशी, १८९४ पासूनचं, आपल्या पेठांसारखंच. कँटनकडून मॅरियन मॉटली नावाचा कृष्णवर्णीय मुलगा खेळायचा. तो खेळत असताना कँटन तीनच मॅच हरलं, तिन्ही ब्राऊनच्या मॅसिलनकडून. १९४६ साली क्लीव्हलँडचा व्यावसायिक संघ उभा राहिला, ब्राऊन त्याचा कोच झाला आणि संघाला नावच ब्राऊन्स पडलं. कृष्णवर्णीयांना व्यावसायिक फुटबॉलची दारं तेव्हा बंदच होती. ब्राऊननं त्याच वर्षी बिल विलिस आणि मॉटली या दोघांना संघात घेतलं. बेसबॉलमध्ये अशीच बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन आला तो पुढच्या वर्षी.

"वैऱ्याचं पोरगं घेतलं," सर हळूच म्हणाले. "खेळ बघितलावता त्यानं."

पुढे १९६३ मध्ये क्लीव्हलँडच्या मालकानं ब्राऊनला काढलं. त्यानं १९६८ मध्ये सिनसिनाटीत नवा संघ उभा केला. १९९१ साली गेला, आणि मॅसिलनलाच पुरला. दोन मोठी शहरं गाजवून माणूस शेवटी शाळेच्या गावाला आला, हे मी त्या दफनभूमीजवळून जाताना दर वेळी मनात आणतो.

मॅच सुटली. गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. खेळाडूंचा वेग घड्याळ लावून ४० यार्डांवर मोजायची चालही ब्राऊनचीच, असं मी जाता जाता बोललो. लाथेनं उडवलेला चेंडू साधारण तेवढ्यावर पडतो, तोवर पोरगं तिथं पोचलं पाहिजे.

"यार्डाचं मीटरमध्ये किती?"

"साडेछत्तीस."

सरांनी वही उघडून आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. "गांधी मैदानावर साडेछत्तीस मीटरवर फक्की टाकलीया. अकरा पोरं उभी हाईत. घड्याळ घिऊन ये."