पॅनेल तेच, दर मात्र गावागणिक वेगळा

२०१४ साली विलेपार्ल्यात एक भाड्याचा गाळा आणि दोन माणसं एवढ्यावर आम्ही गच्चीवरच्या सोलरचं काम सुरू केलं. धंद्याला वळण लागलं ते मात्र २०१७च्या मे महिन्यात. मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका पेपरातलं कात्रण घेऊन आले. राजस्थानात भडल्याच्या लिलावात सोलरची वीज २ रुपये ४४ पैसे युनिटने गेली होती. "मग तुमचं युनिट पाच रुपयांना कसं?"

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. किलोवॅटला आमचा खर्च ६० हजार, मुंबईत वर्षाला साधारण १४०० युनिट. देखभाल सोडून, हे पैसे २० वर्षांत १० टक्के व्याजाने फेडायचे धरले तर युनिट ५ रुपयांना पडतं. ६ टक्क्यांनी धरलं तर पावणेचार! ऊन तेच, पॅनेल तेच. सोलर काय, पवनचक्की काय, इंधन विकत घ्यायचं नसतं. सगळा पैसा आधीच घालावा लागतो, म्हणून व्याज एवढं बोचतं. जर्मनीत ऊन राजस्थानच्या जवळपास निम्मं, पण स्वस्त कर्जाने तिथल्या सोलरला मोठा हात दिला.

शिवाय मुंबईची गच्ची. वाळवणाला, कपड्यांना जागा हवी म्हणून आठ फूट उंच स्ट्रक्चर. खाऱ्या हवेसाठी जाड गॅल्वनायझिंग. पॅनेल लिफ्टमध्ये मावत नाही, सात मजले जिन्याने चढवायचं. भडल्याच्या वाळवंटात यातलं काहीच नाही.

तेव्हापासून प्रत्येक कोटेशनला आम्ही एक पान जोडतो: जागेचं ऊन, व्याज, उभारणी, महिन्यागणिक युनिट. साताऱ्याच्या पठारावरचा वारा पावसाळ्यातच जोरात असतो. खोपोलीला १९१५पासून पाण्यावर वीज होते, कारण लोणावळ्याचा पाऊस आणि घाटाचा ५०० मीटरचा उतार तिथेच आहे. दुसऱ्या गावचा दर उचलून आपल्या गच्चीला लावता येत नाही, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो.

काकांच्या सोसायटीचं काम २०१८च्या मार्चमध्ये झालं. जुलैत किलोवॅटमागे दिवसाला जेमतेम अडीच युनिट आली. मी फोनची वाट पाहत होतो, तो आला नाही. जुलैचा आकडा त्यांच्या पानावर आधीच लिहिलेला होता.