बाबांची बंदूक माझ्या नावावर होईपर्यंत

परवाना ज्याच्या नावावर, तो माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, हे आमच्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाकारण उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बाबांची बंदूक सिंगल बार, म्हणजे एका नळीची, बारा बोरची (बोर म्हणजे नळीचं माप), शेतीसंरक्षणाची. देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेत वानर, रानडुकरं पळवायला तिचा एक बार पुरे व्हायचा. पळवायलाच. हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच.

मी विक्रेत्याकडे गेलो. तो ठेवण्याचं भाडं घेतो, पण आपल्या खाऱ्या हवेत तेल न लागता पावसाळा काढलेली नळी कशी होते ते बघितलेल्याला हे पैसे जड वाटणार नाहीत. पिशवीतून बंदूक काढू लागलो तर म्हातारे दुकानदार म्हणाले, "आधी परवानो दाखवा, बंदूक मगे." मला तो आडमुठेपणा वाटला. नंतर कळलं, दुकानात आलेलं आणि गेलेलं प्रत्येक हत्यार नंबरासकट रजिस्टरात चढवावं लागतं, तपासणीला साठा आणि रजिस्टर जुळावं लागतं, आणि त्यात फरक सापडला तर त्यांचाच परवाना धोक्यात येतो. भिंग लावून त्यांनी नळीवरचा नंबर वाचला, पावती दिली.

मग परवाना माझ्या नावावर करून घ्यायचे कागद. मृत्यूचा दाखला, बाबांचा मूळ परवाना, सातबारा, आठ अ, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो, आणि बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण भाऊ डोंबिवलीला, बहीण वसईला. दोघंही चतुर्थीला आली तेव्हा गौरी जायच्या आत स्टँप पेपरवर सह्या उरकून घेतल्या. गणपती हुकला असता तर शिमग्यापर्यंत थांबलो असतो. पोलीस अहवालासाठी ठाण्यातून बोलावणं आलं. गुन्हा आहे का, शेजाऱ्यांशी वाद आहे का, बंदूक कुठे कुलपात ठेवणार, एवढंच विचारलं.

फाइल अडली ती नंबरावर. बाबांच्या जुन्या परवान्यावर हाताने लिहिलेला एक आकडा एक वाटावा की सात, असा होता. संगणकावर चढवताना कोणीतरी सात केला होता. पावतीवर एक. परवाना देणाऱ्या कार्यालयातल्या कारकुनाचं म्हणणं, परवान्यातली बंदूक आणि जमा केलेली बंदूक एकच कशावरून? रागावून उपयोग नव्हता. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. बाबांनी बंदूक याच दुकानातून घेतली होती. म्हाताऱ्यांनी कपाटातून तेव्हाचं विक्री रजिस्टर काढलं. बाबांचं नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, सही. आकडा स्वच्छ एक. त्या पानाची नक्कल आणि दुकानाचं पत्र जोडलं आणि दुरुस्ती झाली. पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेवढे दिवस फाइल तशीच पडून राहिली.

मधल्या काळात मी कायदा वाचून काढला, तो आहे त्यापेक्षा भीतिदायक सांगितला जातो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा तर कलम 13 मध्ये नाव घेऊन उल्लेख आहे, आणि ती पुरणार नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची (आतून आटे नसलेली) बंदूक देता येते. गावातले दलाल हे सांगत नाहीत, सांगितलं तर त्यांचं कसं चालायचं!

परवाना आला तो पाच वर्षांचा. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी मुदत तीन वर्षांची असे. दुकानात बंदूक परत घेताना पुन्हा भिंग, पुन्हा रजिस्टर, माझी सही. काडतुसं घेतली ती परवान्यावर नोंदवून.

आता काकांची फाइल करतोय. ते सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि 2016 च्या नियमांनुसार अशा परवानाधारकाच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. कागद गोळा करण्याआधी मी त्यांच्या परवान्यावरचा नंबर नळीशी ताडून पाहिला. जुळतो.