व्हीपीएन जोडलेले, काम मात्र अडलेले

आज सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंतचा वेळ एका विचित्र बिघाडामागे गेला. आमच्या घरी गच्चीवरच्या अँटेनातून येणारे वायरलेस इंटरनेट आहे. ऑफिसचे व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सुरक्षित वाट, त्यावर विनातक्रार जोडले जात होते, चॅटवरचे संदेशही जात होते, पण सर्व्हरवरची एखादी मोठी फाइल उघडायला गेले की पडदा तसाच गोठून राही. राउटर तीनदा बंद करून चालू केला, लॅपटॉप वाय-फायऐवजी केबलने जोडून पाहिला (मधली भिंत उगाच बदनाम झाली होती), तरी फरक पडला नाही.

शेवटी ऑफिसच्या तांत्रिक विभागातील सहकाऱ्याने फोनवरून पॅकेटचा, म्हणजे माहिती ज्या लहान गठ्ठ्यांत पाठवली जाते त्यांचा, आकार तपासायला सांगितले. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा, म्हणजेच एमटीयू, साधारणपणे १५०० बाइट असते. पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून व्हीपीएनशिवाय पिंग केले, म्हणजे चाचणीचे पॅकेट पाठवून पाहिले, तेव्हा १४७२ बाइट अडले आणि आकार कमी करत नेल्यावर १३९२ गेले. त्यांत हेडरचे, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेल्या पत्ता वगैरे माहितीचे, २८ मिळवले की आमच्या जोडणीची मर्यादा १४२० भरते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचे वेष्टण चढवते, त्यामुळे भरलेली पॅकेटे या मर्यादेबाहेर जात होती, आणि ‘आकार कमी करा’ हा वाटेतून परत येणारा निरोप एखाद्या फायरवॉलपाशी (नेटवर्कच्या सुरक्षा-चाळणीपाशी) गडप होत असावा. व्हीपीएनचे एमटीयू १३०० केल्यावर सकाळपासून अडलेली फाइल काही सेकंदांत उघडली.

इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राने तोवर मला दोनदा वेग मोजायला लावले होते, आणि तो दोन्ही वेळा उत्तमच होता.