तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटला धीर कसा देता?

"सिस्टर, तुम्ही या लोकांना धीर तरी कसा देता हो?"

हे मला पेशंटचे नातेवाईक विचारतात, नव्याने कामाला लागलेल्या मुली विचारतात, आणि माझं काम कळलं की प्रवासात शेजारी बसलेली अनोळखी माणसंसुद्धा विचारतात. विचारताना सगळ्यांचाच आवाज आपोआप खाली येतो. मी केमोथेरपीच्या डे-केअरमध्ये नर्स आहे. सकाळी पेशंट येतो, खुर्चीत बसतो, सलाईनमधून औषध घेतो, संध्याकाळी घरी जातो. इतकी वर्षं या प्रश्नावर मी "होते सवय" म्हणून हसून वेळ मारून नेली. ते काही खरं उत्तर नव्हे.

खरं सांगायचं तर धीर वगैरे मी देत नाही. मी चौकशा करते. पोट साफ झालं का, झालं तर कधी, तोंडात कुठे सोलवटलंय का, पाणी गिळताना दुखतं का, जिना चढताना मध्ये कितीदा थांबलात. "बरं वाटतंय ना?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणून मोकळा होतो, कारण तेच ऐकायचंय हे त्याला कळलेलं असतं. "काल रात्री किती वेळा उठलात?" असं विचारलं की तो बोटांवर मोजायला लागतो. मोजता मोजता मग बाकीचंही येतं.

त्यासाठी शेजारी बसावं लागतं, आणि आमच्याकडे बसायला वेळ नसतो. माझी सोय एका औषधाने केली आहे. डॉक्सोरुबिसिन, रंगाने लालभडक. ते शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. म्हणून आमच्याकडे ते वाहत्या सलाईनमध्ये सिरिंजने, हाताने, सावकाश सोडायचं असतं आणि मध्ये मध्ये शिरेतून रक्त परत येतंय ना ते बघायचं असतं. ती दहा-बारा मिनिटं मला जागेवरून हलता येत नाही. शेजारचा पंप बोंबलला तरी नाही, कुणी नावाने हाक मारली तरी नाही. पेशंटच्या हे बरोबर लक्षात येतं की ही बाई आता कुठे पळू शकत नाही. आणि मग ते बोलतात. एकीने सांगितलं, नवऱ्याने तिचं टक्कल अजून बघितलेलं नाही, ती स्कार्फ बांधूनच झोपते. या औषधानंतर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. एका बाईंना पहिल्या वेळी ते कुणी सांगितलंच नव्हतं. रक्त जातंय अशा समजुतीने त्या रात्रभर बाथरूमच्या दाराशी बसून होत्या, घरच्यांना न उठवता. चार शब्दांचं काम होतं.

एक काका होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, असे यायचे. चौथ्या सायकलला, म्हणजे केमोच्या चौथ्या फेरीला, टी-शर्ट घालून आले. मी म्हटलं, "काय काका, आज एकदम तरुण!" "उकडतं हो," म्हणाले. पुढच्या वेळी पुन्हा टी-शर्ट. फॉर्मवर सही करायला पेन दिलं तर ते त्यांनी मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं. मी सलाईन जोडता जोडता विचारलं, "बटणं लावता येतात का?" बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बायको लावून देते म्हणते. मला नको वाटतं."

त्यांना पॅक्लिटॅक्सेल चालू होतं. या औषधाने बोटांच्या आणि तळपायांच्या नसा बधिर होऊ शकतात. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, नाणं बोटांत धरता येत नाही. काकांना ते दोन महिन्यांपासून होत होतं आणि त्यांनी एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर डोस कमी कराल. मग आत काही राहून गेलं तर?" त्यांचा हिशेब त्यांच्या परीने चोख होता, फक्त अर्धा होता. बधिरपणा वेळीच सांगितला तर डोस किंवा दोन डोसमधलं अंतर बदलता येतं. दाबून ठेवला तर तो उपचार संपल्यावरही मागे राहू शकतो. मी त्यांना एवढंच सांगितलं आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. "काही होणार नाही, काळजी करू नका" असं मी म्हटलं नाही. मला ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही कळलं असतं की मला ठाऊक नाही.

आता माझी चूक सांगते, कारण मी जे थोडंफार शिकले ते तिथूनच.

केमोनंतर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप नसतो. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, ओलांडलं की घड्याळ सुरू झालं असं आम्ही समजतो. पेशंट दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. हे सगळं मला पाठ होतं. एका ताईंना पहिल्या सायकलनंतर घरी पाठवताना मी म्हटलं, "ताप आला तर फोन करा हं." त्या म्हणाल्या, "हो सिस्टर." मी टिकमार्क केला आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.

दहाव्या दिवशी रात्री अकराला त्यांना कणकण आली. घरात थर्मामीटर नव्हता. त्यांनी पॅरासिटामॉल घेतली, घाम आला, बरं वाटलं. पहाटे पुन्हा हुडहुडी. सकाळी आठला त्यांचा भाऊ त्यांना घेऊन आला तेव्हा ब्लडप्रेशर घसरलेलं होतं. अकरा दिवस अॅडमिट राहिल्या, त्यातले चार आयसीयूत. वाचल्या. शुद्धीत आल्यावर मी भेटायला गेले, तर मलाच म्हणाल्या, "रात्रीचं तुम्हाला कशाला उठवायचं? तुम्ही पण दमलेल्या असता."

माझ्या चांगुलपणाने त्यांना गप्प केलं होतं. मी गोड बोलले, पण "ताप" म्हणजे किती हे सांगितलं नाही, थर्मामीटर आहे का विचारलं नाही, फोनचा त्रास होत नाही हेही सांगितलं नाही. आणि न मोजता घेतलेली पॅरासिटामॉल ताप झाकून ठेवते, हे तर सांगायलाच हवं होतं.

तेव्हापासून पहिल्यांदा घरी जाणाऱ्या प्रत्येकाची मी परीक्षा घेते. जाड पेनने कागदावर ३८ लिहून देते, थर्मामीटर लावून दाखवायला सांगते आणि विचारते, "रात्रीचे दोन वाजलेत, ३८.२ आहे, घरचे सगळे झोपलेत. आता काय कराल?" "सकाळपर्यंत वाट बघू" म्हणाले की नापास, पुन्हा पहिल्यापासून. काहींना राग येतो. एका निवृत्त हेडमास्तरांना तर फारच आला. पण तिसऱ्या प्रयत्नात पास झाले.

फोनवरून चौकशी करणं म्हणजे गोड बोलण्यातलाच प्रकार असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एक अभ्यास सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांवर तो केला. काहींची नेहमीसारखी देखभाल, तर काहींनी स्वतःचा त्रास कॉम्प्युटरवर नियमित नोंदवायचा: मळमळ, वेदना, थकवा, धाप. त्रास एकदम वाढला की नर्सला ईमेल जायचा आणि ती हालचाल करायची, म्हणजे फोन, औषधात बदल, नाहीतर लगेच बोलावणं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने निघालं, दुसऱ्या गटाचं २६. पाच महिन्यांचा फरक. नवं औषध नव्हतं. विचारणारं कुणीतरी होतं आणि उत्तर आलं की उठणारं कुणीतरी होतं. मी तो पेपर दोनदा वाचला आणि त्या दिवशी जरा ताठ चालले, हे कबूल करते.

"पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य मात्र मी तोंडातून काढत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण पेशंटला ते ऐकवून जातो. जाताना आपण काहीतरी देऊन आलो असं त्याला वाटतं, आणि मागे उरलेल्या माणसाला आता रडायचीही चोरी होते. मन खचलं म्हणून गाठ वाढली असं मी अजून बघितलेलं नाही. पण "मीच कमी पडले का?" असं विचारणाऱ्या बायका रिपोर्ट बिघडल्यावर माझ्यापुढे किती बसल्या, त्याची गणती नाही. "लढा" हा शब्दही मला फारसा आवडत नाही. खुर्चीत सहा तास बसून उलटी थोपवणाऱ्या माणसाला तलवार कशाला द्यायची? त्याला आधी उलटीचं औषध वेळेवर द्या.

तुम्हाला त्रास होत नाही का, असंही विचारतात. होतो.

बरं होण्याबद्दल एक गैरसमज आहे. शेवटची केमो झाली की सुटलो, असं घरच्यांना वाटतं. बऱ्याच हॉस्पिटलांत उपचार संपल्यावर घंटा वाजवतात. १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये अर्व ले मॉइन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने पितळी घंटा आणून ही प्रथा सुरू केली. टाळ्या वाजतात, फोटो निघतात. मला ती घंटा आवडते, पण वाजली की माझी नजर पहिल्यांदा कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे जाते. तिथे ज्यांचे उपचार कधीच संपणार नाहीत असे लोक बसलेले असतात आणि तेही टाळ्या वाजवत असतात.

आणि जो घंटा वाजवून घरी जातो, तो पंधरा दिवसांनी फोन करतो. आता सगळं संपलं तर मला रडू का येतं? बरोबरच आहे. इतके महिने दर तीन आठवड्यांनी कुणीतरी रक्त तपासत होतं, वजन बघत होतं. आता एकदम "तीन महिन्यांनी या." थकवा तर महिनोन्महिने रेंगाळतो आणि नुसतं झोपून जात नाही, रोज थोडं चालण्याने उलट कमी होतो, हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एक बाई बऱ्या होऊन चार वर्षं झाली, पण रस्त्यात मी दिसले की त्यांना अजून मळमळतं. माझा चेहरा आणि ते औषध त्यांच्या डोक्यात एकत्र शिवलं गेलंय. आम्ही एकमेकींना लांबूनच हात करतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. चालताना दिसतात ना.

ज्या ताईंना मी नीट सांगितलं नव्हतं, त्या पुढच्या सगळ्या सायकलना थर्मामीटर पर्समध्ये घेऊन यायच्या. आल्या की माझ्यासमोर हलवून दाखवायच्या. उपचार संपून वर्ष झाल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. नंबर बघून माझ्या पोटात गोळाच आला.

"किती आहे?" मी विचारलं.

"ताप नाही हो. त्या थर्मामीटरची बॅटरी संपलीय. नवीन घालू, की आता राहू दे?"

मी क्षणभर काही बोलले नाही. मग म्हटलं, "घाला. घरात लागतोच."